मोहाजवळ कटणारा फोन

"आज पुन्हा फोन कटला, तर तुमचे डबे काढून न्या. शेजारच्या रिसॉर्टचं कामही विसरा!" नागपूरहून दीपाली मॅडमनं मन्सूरला दम भरला.

तिच्या मोहर्लीच्या रिसॉर्टमधलं वायफाय मन्सूरनंच बसवलं होतं. एक डबा ऑफिसात, दुसरा जेवणाच्या हॉलात. रखवालदार डोमा रोज व्हिडिओ कॉलवर मॅडमला सगळा रिसॉर्ट फिरवून दाखवायचा, आणि ऑफिसातून हॉलाकडं जाताना फोन मधेच कटायचा.

मन्सूर म्हणजे अख्ख्या चंद्रपूरला टोप्या घातलेला गडी. तो कशाला घाबरतो?

"मॅडम, फोन म्हंजे नवी नवरी. माहेरचा डबा सोडत नाई, सासरचा धरत नाई. मी आनतो तिले वळनावर."

त्यानं लॅपटॉपवर सेटिंग बदलली, डोमाला व्हिडिओ कॉल लावला. "डोमाभाऊ, हॉलापर्यंत चालत जा."

कटला.

"कुठी कटला?"

"मोहाच्या झाडाजवळ."

"दरवेळी तिथीच?"

"दरवेळी तिथीच," डोमा म्हणाला.

मन्सूरनं शिडी लावून डबा मोहाकडच्या भिंतीवर ठोकला. कटला. चॅनल बदललं. कटला. मग तो स्वतःच त्याच वायफायवरून फोन लावून, बायकोशी भाजीवरून भांडत मोहाखालून गेला. भांडण एकदाही तुटलं नाही.

म्हणजे डोमाच्या फोनातच खोट! त्यानं आपला फोन डोमाच्या हातात दिला. तोही मोहाजवळ कटला.

"भाऊ, तुमच्या अंगात करंट हाये का?"

डोमानं विचार केला. "मागं हिवताप झाला होता."

तेवढ्यात डोमाच्या फोनवर मॅडमचा कॉल आला. डोमा रिसॉर्ट दाखवायला निघाला. मन्सूर श्वास रोखून मागं मागं. मोह आला. डोमा थांबला, अंगठ्यानं लाल बटन दाबलं आणि झाडाला हात जोडले.

"अरे बाप्पा, तुम्हीच कापता!" मन्सूर किंचाळला. "मी सकाळपासून शिड्या चढून राह्यलो! सांगितलं काऊन नाई?"

"कुठी कटते, तेवढंच इचारलं ना तुम्ही. मोहाखाली आमचा देव हाये. त्याच्यापुढून फोनवर बोलत कोनी जाते का?" डोमानं त्याला खालून वर न्याहाळलं. "मन्सूरभाऊ... तुम्ही बोलत गेले का?"

मन्सूरचा फोन वाजला. मॅडम.

मन्सूरनं मोहाकडं पाहिलं, डोमाकडं पाहिलं, आणि स्वतःच्या अंगठ्यानं मॅडमचा कॉल कापला.