मुंगीचा दगड

चिकामोचा नदीची दरी दाखवून मी पाहुण्यांना बारिचारा गावात आणलं आणि गाइडच्या सवयीप्रमाणे चर्चसमोरच्या फरसबंदीतली कोरीव मुंगी दाखवली. “तीनशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश पाथरवटाची खूण. असा हात पुन्हा झाला नाही!” हे मीच रचलेलं. पाहुण्यांतले एलिसेओ आजोबा वाकले, मुंगीवरून अंगठा फिरवत बायकोकडे बघून हसले. आजी माझ्या कानाशी आल्या. “पोरा, इथे मी खाऊ म्हणून भाजलेल्या मुंग्या विकायचे. मला पटवायला यांनीच कोरली ही. पन्नास वर्षं झाली.” सगळ्यांसमोर अब्रू जाणार! आजोबांनी मोठ्यानं विचारलं, “त्या पाथरवटाचा हात खरंच इतका चांगला?” “सगळ्यांत चांगला,” मी कसाबसा म्हणालो. त्यांनी माझा हात धरला. “उभ्या जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. असंच सांगत राहा.” आजी फिसकन हसल्या. “ऐकलंत? तीनशे वर्षांचे झालात. मग गुडघे दुखणारच की!”