दोन घरचं जेवण

"काय कोंबलंस तिच्या पोटात?" टिल्लीची आई ओरडलीच. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

"मी?" टिल्लीचा बाप बाकावरून उठला. बातमी कळताच तो अंगातल्या ॲप्रनसकट धावत आला होता. "माझ्याकडून निघाली तेव्हा ठणठणीत होती. उलट्या तुझ्या घरी सुरू झाल्या."

"तुझ्याकडून उपाशी आली होती ती! दारातच म्हणाली, बाबानं काही दिलंच नाही. मग मी वाढलं. दोनदा वाढलं."

"उपाशी? अगं, निघायच्या आधी माझ्यासमोर ताट चाटूनपुसून खाल्लं तिनं!"

"भांडायचं असेल तर बाहेर जा," आतून आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "लागोपाठ दोन जेवणं एवढ्याशा पोरीला झेपतात होय? आणि हे आजचंच नाही. तुमच्या दोघांकडे ये-जा सुरू झाल्यापासून पोट दुखतंय म्हणाली मला." त्या तडक पुढच्या पेशंटकडे निघून गेल्या.

दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. वेगळे झाल्यापासून टिल्ली अर्धा आठवडा इकडे, अर्धा आठवडा तिकडे असायची. पोर कायमची कुणाकडे राहणार, यावर कोर्टात जुंपली होती, आणि समुपदेशक बाई आता कधीही आपलं मत देणार होत्या. दोघांनी त्यांच्याकडे एकच रड लावली होती. तिकडे पोरीची खाण्यापिण्याची आबाळ होते.

बाप कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होता. जेवणाची वेळ झाली की तो चुलीपाशी थांबायचाच नाही. उष्टी ताटं परत येतात त्या खिडकीशी जाऊन उभा राहायचा. कुणी काय टाकलं, कुणी काय बोटानं निपटून खाल्लं, सगळं न्याहाळायचा. ताट चकाचक आलं की स्वारी मिशीतल्या मिशीत हसायची. घरीही तीच खोड. बायकोच्या हातचं मात्र त्यानं कधी सुखानं खाल्लं नाही. 'हिच्या हातचं खायला वाघाचं काळीज लागतं,' असं चार पाहुण्यांत म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. ती घर सोडून गेली आणि हट्टानं स्वयंपाक शिकली.

आता त्याला मागच्या खेपेची टिल्ली आठवली. दप्तर टाकलं न टाकलं तोच म्हणाली होती, "बाबा, भूक लागलीय. आईनं काहीच दिलं नाही."

तेव्हा त्याला काय वाटलं होतं? राग आला, असं तो समुपदेशक बाईंना म्हणाला होता. छे! आनंद झाला होता त्याला. आपली पोर उपाशी आली याचा आनंद! वाढताना चक्क शीळ घालत होता तो. आणि तिच्या फ्रॉकवर, अगदी गळ्यापाशी, ताज्या सांडलवंडीचा डाग होता. जेवून आलेल्या पोरीच्या अंगावर असतो तसा. उष्ट्या ताटांवरून माणूस ओळखणाऱ्याला तो दिसला नव्हता थोडाच? दिसला होता. तरी त्यानं आणखी एक डाव वाढला होता.

"ती भूक लागली म्हणायची ना," टिल्लीची आई जमिनीकडे बघत म्हणाली, "तेव्हा मला बरं वाटायचं रे."

"मलाही," तो म्हणाला. लाज वाटून त्यानं ॲप्रन काढला आणि त्याचा बोळा करून मांडीवर धरला. मग म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे तिला. मी सांगतो समुपदेशक बाईंना. पुरे झाली ही ओढाताण."

संध्याकाळी हलकं काहीतरी द्यायला परवानगी मिळाली. त्यानं घरी जाऊन सूप केलं. सवयीनं केलं. डबा भरला, झाकण लावलं आणि दारापर्यंत आला. मग माघारी वळला आणि डबा ओट्यावर ठेवून तसाच निघाला. पोरीकडे रिकाम्या हातानं जायची त्याची ही पहिलीच वेळ. वाटेत हातांचं काय करावं तेच त्याला कळेना.

टिल्ली उशीला टेकून बसली होती. आई तिला आपल्या घरचं सूप भरवत होती. थोडंसं पिऊन तिनं ओठ मिटले. "बास, आई."

आईनं लगेच वाटी बाजूला ठेवली. आग्रह नाही की काही नाही. दारातून बघणाऱ्या बापाला भरून आलं. बास म्हणाली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोर बास म्हणाली. वाटी विसळायला आई बेसिनकडे वळली, आणि तो पुढे होऊन टिल्लीच्या कॉटवर टेकला.

"बाबा, तुझा डबा?"

"नाही आणला गं. आज काही नको. तू आता आराम कर."

टिल्लीनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे. त्याचे डोळे ओले झाले होते. ती घाबरली. तिनं पाठमोऱ्या आईकडे एकदा बघून घेतलं, सुपानं ओले झालेले ओठ हाताच्या पालथ्या बाजूनं घाईघाईनं पुसले, आणि बापाचं डोकं खाली ओढून ती त्याच्या कानात कुजबुजली,

"बाबा, खूप भूक लागलीय. आईनं काहीच दिलं नाही."