एबिसूचं तोंड

फुसाएने कोड्यातलं एबिसू देवाचं तोंड दाइकोकू देवाच्या धडावर दाबलं आणि ते टक्कन बसलं.

"अहो, बघा तरी!" ती खो खो हसत सुटली. "मासेवाल्या देवाने तांदूळवाल्याचं घर बळकावलं!"

तोकुजिरो हसला नाही. त्याने दाइकोकूचं तोंड उचललं आणि एबिसूच्या खांद्यांवर ठेवलं. तेही बसलं. फट नाही की उंचवटा नाही. हजार तुकड्यांत दोन तुकडे हुबेहूब एका आकाराचे. जिगसॉ कोडी कापणाऱ्या साच्यात यापरतं पाप नाही. आणि हा साचा याच घरात, खालच्या मजल्यावर, पोलादी पाती पकडीने वाकवून तयार झाला होता. त्यावर कापलेल्या, नावेत बसलेल्या सात शुभदेवांच्या कोड्यांची चार हजार खोकी नववर्षासाठी देशभर गेली होती. प्रत्येक खोक्यावर कोडी विकणाऱ्या कंपनीने ठळक छापलं होतं : प्रत्येक तुकड्याला एकच जागा.

जिन्यावर पावलं वाजली. तोकुजिरोने घाईघाईने दोन्ही तोंडं ज्याच्या त्याला परत केली.

"चिझुरूला बोलू नकोस."

"का हो? लेकीसमोर लाज वाटते?"

चिझुरू मोचीच्या, तांदळाच्या चिकट वड्यांच्या, रश्श्याचे वाडगे घेऊन आत आली. गेली सहा वर्षं ती बापाशेजारी बसून पाती वाकवत होती. बोटांना चिकटपट्ट्या होत्या, सणाच्या दिवशीही.

"जमलं का चित्र, बाबा?"

"जमलं."

त्याने वाडगा तसाच बाजूला सारला. पन्नास वर्षांत या घरातून एकही सदोष साचा बाहेर गेला नव्हता. दोन पेले पोटात गेले की तो गल्लीत सगळ्यांना ऐकवायचा, ज्या दिवशी माझी चूक उंबरा ओलांडेल त्या दिवशी पक्कड खाली ठेवीन. बढाई मारायला जीभ लागते, निभवायला छाती लागते. आता गल्लीतलं कुणी भेटलं की तो रस्ता बदलू लागला.

नववर्षाच्या शुभेच्छांची कार्डं आली. फुसाएने गठ्ठा त्याच्यापुढे टाकला, कार्डांच्या तळाचे सोडतीचे आकडे वाचून दाखवायला. मुंगीएवढे आकडे, पण तोकुजिरो ते चष्म्याशिवाय धडाधड वाचायचा. "एकाहत्तर वर्षं झाली, पण डोळे घारीचे," फुसाए म्हणाली. आज मात्र तो मधेच थांबला. हातात हातानोसानचं कार्ड होतं, कंपनीतर्फे साचे तपासून सही करणाऱ्याचं. 'याही वर्षी आपल्यावरच भिस्त.' त्याने ते गठ्ठ्याच्या तळाशी सारलं.

हातानोसानने गेल्या वर्षी साफ सांगितलं होतं. "तुम्ही आहात तोवर हाताचे साचे. तुमच्यामागे काम यंत्रावर जाणार. मुलगी मदत करते, करू दे. पण तिच्या हातच्या साच्यावर मी सही करणार नाही." चिझुरू तेव्हा चहा घेऊन दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी ती एक तास आधी कामाला बसली.

दोन तारखेला तिघं मिमेगुरीच्या देवळात गेली. तिथे एबिसू आणि दाइकोकू दोघांचंही ठाणं आहे. तोकुजिरोने डोळे मिटूनच प्रार्थनेच्या टाळ्या वाजवल्या. फोन वाजला की तो दचकायचा, नाही वाजला की उठून बघायचा. तीन तारखेला फुसाए वैतागली. "अहो, एका जागी बसा! चटई झिजली."

पाच तारखेला कंपनी उघडली. तोकुजिरोने चांगला कोट चढवला, जुळवलेलं चित्र दोन पुठ्ठ्यांत बांधलं आणि हातानोसानच्या टेबलावर नेऊन उघडलं. मग स्वतःच्या हाताने दोन्ही तोंडं बदलून दाखवली.

"पन्नास वर्षांत पहिली चूक," हातानोसान हळू म्हणाला.

"डोळे गेले, हातानोसान. धूसर दिसतं. देवांचा सगळा वरचा भाग मी केला." तोकुजिरो कमरेत वाकला आणि वाकूनच बोलला. "खालची नाव आणि लाटा चिझुरूच्या. त्यांत चूक शोधून दाखवा."

हातानोसानने भिंग काढलं. लाटांचे एकाच निळ्या रंगाचे चारशे तुकडे होते. त्याने एकेक तुकडा उचलून शेजारच्या जागी घालून पाहिला. दोन तासांनी भिंग ठेवलं. एकही तुकडा परक्या घरात शिरला नव्हता.

"मुलीचा हात स्वच्छ आहे," तो म्हणाला. "असं काम पाहून वर्षं झाली. उन्हाळ्यातला मोठा साचा तिच्या नावावर देतो. तुम्ही... तुम्ही आराम करा, तोकुजिरोसान."

"आभारी आहे." तोकुजिरोने चित्र पुन्हा पुठ्ठ्यांत बांधलं.

घरी आला तेव्हा चिझुरू खालच्या मजल्यावर उभी होती. डोळे लाल होते.

"हातानोसानचा फोन आला होता. बाबा, लाटा तुमच्या होत्या. चेहरे मी केले होते."

तोकुजिरोने कोट खुंटीला टांगला. आपली पक्कड उचलली आणि तिच्या हातात दिली.

"ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, इथे बस. उन्हाळ्याच्या आत लाटा शिकून घे."