पॉलिश केलेला पेरू

“काका, आमच्या पेरूची ही दशा तुम्हीच केलीत ना?”

प्रश्न एकदाचा तिच्या तोंडाबाहेर पडला. कुंपणापलीकडे तिच्या दोघी मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत खिदळत होत्या. “वक्तृत्वाची ढाल मिरवतेस ना? मग विचार की माळीकाकांना! आहे हिंमत?” शाळेतून येतानाच पैज लागली होती.

शिडीवरच्या काकांनी आधी तिच्या अंगठ्यावरच्या खपलीकडे पाहिलं, मग झाडाकडे.

“हो बाई, मीच. वय झालं, हात चुकतो.”

“बघ, कबूल केलं!” म्हणत मैत्रिणी पळाल्या. ती तिथेच उभी राहिली.

पंधरा दिवसांपूर्वी आईबाबा दोघंच मामाकडे गेले होते, तिला शाळा होती. दोन दिवसांनी परत येतात तो काय, अंगणातल्या डेरेदार पेरूचा नुसता खांब झालेला. पाच मोठ्या फांद्या साफ. त्या दोन दिवसांत काका नेहमीसारखे पाणी घालून गेले होते, त्यामुळे आळ आयताच त्यांच्यावर आला. आईनं यथेच्छ तोंडसुख घेतलं. बाबा सुतार, मुळातच अबोल. तेव्हापासून तर ते झाडाकडे बघायचंही टाळत होते.

“शिडी धर नीट,” काका म्हणाले.

ते रोज संध्याकाळी येऊन झाड सावरत होते. तीही दप्तर टाकून सरळ झाडाखाली. दोघंही थकून गेली होती. उघड्या पडलेल्या खोडाला ऊन भाजू नये म्हणून पातळ चुना लावून झाला, बुंध्याशी पालापाचोळा पसरून झाला. खताचं विचारलं तर काका कातावले.

“तापातून उठलेल्याला कुणी पोटभर जेवायला वाढतं का?”

खोडावर कोवळे फुटवे दाटीनं आले होते. ती ते खुडू लागली.

“अगं, सगळे नको! त्याच पानांवर जगायचंय त्याला. एकमेकांना खेटलेले तेवढे काढ.”

मग त्यांनी एका जखमेवरून बोट फिरवलं. कापलेली जागा रंधा मारल्यासारखी सपाट होती, वर चकचकीत पॉलिश.

“फांदी खोडाला मिळते तिथं फुगीर कडं असतं. ते राखून कापलं की झाड आपली जखम आपणच मिटवतं. इथं कडंच उडवलंय. लाकूड कळणाऱ्याचं काम आहे हे, झाड कळणाऱ्याचं नाही.”

तिनं धरलेली शिडी हलली.

“मग तुम्ही हो का म्हणता?”

“दमलो गं भांडायला. आणि खरं सांगून कुणाच्या घरात भांडण कशाला लावायचं?”

“जगेल का?”

“दोन वर्षं फळं विसरा. पण जगेल. माझंच अवघड आहे. गल्लीतल्या तीन घरांनी कळवलंय, आमच्या झाडांना हात लावू नका म्हणून.”

काका खांद्यावर शिडी टाकून निघाले. आज ते जरा जास्तच वाकलेले वाटले.

घरात जाताना ती बाबांच्या कामाच्या खोलीत थांबली. करवत खिळ्यावर होती. पॉलिशच्या डब्याचं झाकण तिरकं बसलं होतं. बाबा ते नेहमी ठोकून बसवतात. तिनं ते दाबून घट्ट केलं.

जेवताना आई म्हणाली, “त्या माणसामागे कशाला राबतेस? अवतार बघ.”

“आई, काका म्हणतात, हे लाकूड कळणाऱ्याचं काम आहे.”

आईचा हात थांबला. तिनं सावकाश बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली.

ती उठून उभी राहिली.

“मी ठरवलंय. उद्या शाळेआधी त्या तिन्ही घरी जाणार आणि खरं काय ते सांगणार, काकांनी नाही, पेरू मीच कापला, बाबांच्या करवतीनं.”