चालणारी

"इथे चालतं ना?" तिनं घर बघताबघता विचारलं.

"अंडं चालतं, मॅडम. मासे सोसायटीच्या चेअरमनना विचारून," एजंट म्हणाला.

"अहो, मी पायी चालण्याचं म्हणतेय. बाजार, दवाखाना, ऑफिस चालत गाठता येतं ना?"

तिला गाडी चालवता येत नव्हती, रोजची रिक्षा परवडत नव्हती. नव्या शहरात 'सगळं पाच मिनिटांवर' असलेली पुष्कळ घरं तिनं पाहिली. ती पाच मिनिटं एजंटच्या स्कूटरची निघाली. हे घर मात्र खरोखरच बाजाराला लागून होतं आणि भाडंही झेपणारं होतं.

चेअरमनसमोर तिनं सांगूनच टाकलं, "मी एकटी राहणार. आणि मासे खाते."

"चालेल की! आम्ही काही जुन्या विचारांचे नाही," चेअरमन हसले. "गाडी कुठली?"

"गाडी नाही. मी चालतच जाते."

"रोज?"

"रोज."

चेअरमननी एजंटला बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला गेला नाही.

"अरे, गेटातून भाडेकरू पिशव्या घेऊन पायी ये-जा करताना दिसले, तर फ्लॅटचे भाव उतरतील. एकटी चालेल, मासेही चालतील. चालणारी चालणार नाही!"