अर्धी ओळ

या, अशा जवळ सरकून बसा, फ्रिस्कोच्या कांचनची गोष्ट सांगते. तिची लेक सावनी गाण्यांच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेतर्फे गात होती आणि कांचन घरी टीव्हीसमोर बसली होती. ध्रुवपद अर्धं गाऊन सावनी थांबली. वाद्यं वाजत राहिली, ती मान वळवून मागे बघत राहिली.

“अरे यार, शब्द विसरली! काकू, पॉइंट्स गेले ना!” शेजारचा अनीश हळहळला.

अमेरिका शेवटची आली. कांचन निवलेला चहा पीत राहिली.


मंदिरातल्या कीर्तनात सावनी ओळ अशीच अर्धी सोडायची, आणि मागे उभं राहून झील धरत ती पुरी करायचे तिचे बाबा. स्पर्धेच्या वेळी त्यांना जाऊन महिनाच झाला होता. पुढच्या कीर्तनात टाळ हाती घ्याल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.