उशाशी कोण होतं

शुक्रवार पेठेतल्या त्या जिममध्ये व्यायाम शिकवणाऱ्या इंद्रायणीचा नियम कडक होता. बाकावर आडवं होऊन बार उचलणाऱ्याच्या उशाशी दुसऱ्यानं उभं राहायचंच. त्या सकाळी तिनं स्वतःच तो मोडला. दारावरची घंटा वाजली, तशी "जरा थांबा हं, ताई," म्हणून ती दाराकडे गेली.

निवृत्त शिक्षिका मालतीताईंना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी डोळे मिटून बार उचलला.

इंद्रायणी वळली तेव्हा तो त्यांच्या हातून निसटला होता. ती किंचाळली, पण मध्ये दहा पावलांचं अंतर होतं.

बार गळ्यापासून चार बोटांवर थांबला.

ताईंचे दोन्ही हात छातीशी होते. वीस किलोचं लोखंड नुसतं हवेत होतं. मग ते सावकाश वर गेलं आणि निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं, आवाज न करता खोबणीत बसलं.

इंद्रायणी घाबरायला हवी होती, पण दाराशीच तिचे हात आपोआप जोडले गेले.

"बरं धरलंस गं वेळेवर," मालतीताई डोळे न उघडताच म्हणाल्या. त्यांचा उजवा हात अलगद वर उचलला गेला होता. "आता सोड की माझा हात. किती गार पडलीयेस तू!"